अथेन्सच्या गाइडला टॉवेल-टोपी

अथेन्स,
सोमवार सकाळ

तीर्थरूप आबा,

धाकट्या बजरंगचा नमस्कार. साष्टांग असं लिहिणार होतो, पण काल दिवसभर दगडांवरून चढउतार झाल्यामुळे माझी आठही अंगं सध्या एकमेकांशी बोलत नाहीत. जेवढी जमतील तेवढ्या अंगांचा मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची बीपीची गोळी वहिनीच घेतात ना? (मागं ती तुम्हीच घेत होता आणि बरं वाटतंय म्हणून सगळ्या इंदुरी गावाला सांगत होता.) भाताच्या रोपांसाठी दाढ भाजून झाली असेल. काळी गाय व्याली का? इकडे मी, सविता आणि आपली सृष्टी, आम्ही तिघं सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे हातपाय शाबूत आहेत. डोक्याचं सांगता येत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

फोन का केला नाही, असं म्हणाल. फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकून कट्ट्यावर ठेवता आणि मग माझ्या प्रत्येक वाक्याला चारचौघांचं मत पडतं. ही गोष्ट आधी एकट्या तुम्हाला कळायला हवी. सृष्टीच्या ओळखीची अनघा म्हणून एक देहूरोडची मुलगी उद्या घरी यायला निघते आहे. ती वाट वाकडी करून इंदुरीला येऊन पत्र तुमच्या हातात देईन म्हणाली. तिला चहा द्यावा, पण पत्रात काय आहे ते विचारू नये. तिला बहुधा माहीत आहे. इथं बहुतेक सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत असतं, फक्त मला नसतं, हे मी कालपासून धरून चाललो आहे.

निघताना तुम्ही काम सांगितलं होतं ते विसरलो नव्हतो. तळेगावच्या पाहुण्यांचा सार्थक आपल्या सृष्टीला पसंत आहे का, ते तिच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि आम्ही परत आलो की सुपारी फोडायची. तुम्ही पाहुण्यांना जवळपास हो म्हणून बसला आहात, हेही मला माहीत होतं. सार्थकचा फोटो मी आल्यापासून शर्टाच्या खिशात घेऊन हिंडत होतो. पण पोरगी सकाळी त्या जहाज कंपनीच्या ऑफिसात जाते ती दिवेलागणीला येते, आल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडते, आणि अशा वेळी खिशातून फोटो काढणं मला बरं वाटेना. मग ठरवलं, रविवारी ती आम्हाला इथले जुने अवशेष दाखवायला नेणार आहे, तेव्हा वर डोंगरावर देवळापाशी निवांत बसू आणि विचारू. देवाच्या दारात विचारलेलं बरं असतं, मग देव कुठलाही असो.

रविवारी सकाळी सृष्टी म्हणाली, बाबा, आज निकोस येणार आहे, तो तुम्हाला सगळं दाखवेल. हे सांगताना तिनं माझ्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण आबा, आपण लोणावळा स्टेशनबाहेर पाय ठेवला की सगळे पॉइंट दाखवतो म्हणून चार जण अंगावर येतात, आपली जन्माची सवय ती. मी म्हटलं, पोरीनं गाइड ठरवला असणार. परदेशात राहून खर्चिक झाली, असंही मनात आलं. खाली उतरलो तर एक उंच, दाढीवाला, इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा छत्री घेऊन उभा. त्यानं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. (मला वाटलं, यांना प्रत्येक देशाचा नमस्कार शिकवत असतील. धंदा म्हटला की आला.) मी त्याला लोणावळ्याच्या चिक्कीचा एक मोठा तुकडा दिला. तो त्यानं एकदम तोंडात घातला आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्याला एक शब्द बोलता आला नाही.

आता अवशेषांविषयी. डोंगर आपल्या लोहगडापेक्षा पुष्कळ ठेंगणा आहे, पण वाटेवरचा दगड संगमरवरी, आणि लोकांनी चालून चालून तो असा गुळगुळीत करून ठेवलाय की पाय ठेवावा एकीकडे आणि आपण जावं दुसरीकडे. वर मोठं देऊळ आहे. छप्पर नाही, आत देव नाही, नुसते खांब उभे आणि त्यांना परांची बांधलेली. दुरुस्तीचं काम चालू आहे म्हणाले. देऊळ अडीच हजार वर्षांचं आणि काम अजून चालूच. आपल्या सभामंडपाचं काम रखडलं म्हणून तुम्ही सरपंचाला जे बोलता, ते थोडं कमी करावं असं वाटतं. मी गाइडला विचारलं, कुठल्या राजानं बांधलं? त्यानं फोनमध्ये पाहिलं. देवी गेली कुठं? पुन्हा फोनमध्ये पाहिलं. हा खांब मधूनच का तुटला? तर तो पाटीपाशी गेला, पाटी वाचून आला आणि सृष्टीला काहीतरी सांगून स्वतःच हसला. असा अडाणी गाइड मी जन्मात पाहिला नाही. पण पाण्याची बाटली तो धरणार, सविताची पिशवी तो घेणार, चढ आला की मला हात देणार, आणि उन्हात छत्री सविताच्या डोक्यावर. माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. माहितीत शून्य आणि सेवेत अव्वल, असा माणूस या धंद्यात कसा टिकला असेल?

सविताचं तुम्हाला माहीतच आहे. देऊळ दिसलं की प्रदक्षिणा, आत देव असो नसो. इथं दोऱ्या लावून सगळ्यांना एकाच बाजूनं फिरवतात, आणि ती बाजू नेमकी उलटी, म्हणजे देऊळ डाव्या हाताला येणारी. ती म्हणाली, उलटी प्रदक्षिणा माज्याच्यानं व्हायची न्हाई, आणि पदर खोचून समोरून येणाऱ्या अख्ख्या जगाच्या विरुद्ध निघाली. मी हाक मारेपर्यंत गाइड छत्री घेऊन तिच्या मागं. समोरच्या प्रत्येकाची तो त्याच्या त्याच्या भाषेत माफी मागत होता. वर धरलेली छत्री बघून दुसऱ्या कुठल्या तरी गटातली म्हातारी माणसं त्यालाच आपला गाइड समजली आणि तीही वळली. मी आणि सृष्टी दोघंच एका दगडाशी राहिलो. म्हटलं, हीच वेळ. घसा साफ केला, फोटो खिशातून बाहेर काढला, आणि तेवढ्यात देवळाच्या कोपऱ्यावरून पुढं सविता, वर छत्री आणि मागं पंधरा-वीस गोरी माणसं हात जोडून चालत येताना दिसली. त्यातली एक बाई तर अनवाणी होती, चपला हातात. ते बघायला म्हणून मी एक पाऊल मागं टाकलं आणि घसरलो.

पडलो नाही. मधल्या दोरीवरून उडी मारून त्या पोरानं मला काखेत धरलं. पण फोटो हातातून सुटला, वाऱ्यावर गेला आणि जिथं जायला मनाई आहे अशा पडक्या दगडांच्या राशीत जाऊन पडला. तिथं एक पहारेकरीण बाई आहे. कुणी दगडाला हात लावला तरी शिट्टी मारते. (मी एका खांबाला हात लावून कपाळाला लावला होता, तेव्हा आमची ओळख झालेली.) निकोस त्या राशीत उतरला. शिट्टी वाजत राहिली, तो शोधत राहिला, आणि गुडघे पांढरे करून फोटो घेऊन वर आला. शर्टाच्या बाहीनं त्यानं तो पुसला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. देताना नीट बघितला, चांगला देखणा मुलगा आहे म्हणाला, आणि कोण हा, असं सृष्टीला विचारलं. सृष्टीनं माझ्याकडं बघितलं. आबा, मी तुमच्यासमोर खोटं बोलत नाही, माझं धैर्य झालं नाही. मी म्हटलं, गावाकडचा हाय. सविता म्हणाली, तळेगावच्या पावण्यांचा पोरगा हाय, ह्यांच्या आबांनी बघितलेला. त्यानंतर सृष्टी एकटीच जाऊन एका दगडाच्या सावलीत बसली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

मग आम्ही खाली उतरलो. पायथ्याशी जुन्या बाजारपेठेचे अवशेष आहेत. पेठ म्हणजे आता जोत्यांचे नुसते दगड आणि त्यांतून हिंडणारी कासवं, पण एका टेकाडावर एक देऊळ बऱ्यापैकी धड उभं आहे. त्याच्यासमोर झाडाखाली बसलो. मला गप्प बसवत नाही. आपल्याकडं शेजारी बसलेल्या माणसाला गाव कुठलं, जमीन किती, भाऊबहीण किती हे विचारलं नाही तर त्याला राग येतो, म्हणून मी गाइडला विचारायला लागलो आणि सृष्टी मधे सांगायला बसली. गाव समुद्रकाठच्या डोंगरात. ऑलिव्हची झाडं आहेत, आईवडील करतात. बहीण एक, लग्न झालेली. (हे सृष्टीनं त्याला न विचारताच सांगितलं. मी म्हटलं, हल्ली गाइडचीही माहिती इंटरनेटवर मिळत असेल.) हा स्वतः जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. म्हणजे रोजची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी गाइडगिरी. मला तो एकदम कष्टाळू वाटला. दारू पितोस का विचारलं, तर सणाला घरची वाइन घेतो म्हणाला. लपवलं नाही. आणि ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत दरवर्षी रजा टाकून गावी जातो, आई शिडीवर चढू नये म्हणून. आबा, आपल्या सगळ्या भावकीत भातलावणीला रजा टाकून येणारा एक पोरगा दाखवा. माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्याचा ह्यो जावई व्हईल, त्यो मानूस नशीबवान हाय बघ."

सृष्टीनं हे त्याला सांगितलंच नाही. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग उठून तोंड धुवायला गेली.

ती आल्यावर निघायची तयारी करत होतो, तर सविता म्हणाली, दिवसभर पोरगं उन्हातान्हात आपल्यासाठी हिंडलं, त्याचा मान करायचा का न्हाई? आणि तिनं पिशवीतून काढलं काय, तर कोरा टॉवेल, टोपी, नारळ आणि कुंकवाचा करंडा. मी थक्क झालो. असं सामान घेऊन अवशेष बघायला कोण येतं? पण मनात म्हटलं, बाई हुशार आहे. आपण घर बांधलं तेव्हा गवंड्याला टॉवेल-टोपी दिली, बोअरला पाणी लागलं तेव्हा त्या माणसाला दिली, मी एसटीच्या डेपोतून निवृत्त झालो तेव्हा मला मिळाली. गाइडनं काय घोडं मारलंय? आणि एकदा मान करायचा म्हटला की मला तो अर्धवट चालत नाही. मी त्याला पूर्वेकडं तोंड करून एका दगडावर बसवलं. कपाळाला कुंकू लावलं, टोपी घातली (त्याचं डोकं मोठं आहे, ती वरच्यावर राहिली), खांद्यावर टॉवेल टाकला आणि नारळ ओंजळीत दिला. सविता म्हणाली, हिलाबी लावा. सृष्टी ओढणी डोक्यावर घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली होती. मी म्हटलं, बरोबर आहे, दिवसभर दुभाष्याचं काम हिनं केलं, आणि तिलाही कुंकू लावलं. सवितानं पुडी सोडून दोघांच्या तोंडात साखर घातली. हे जरा जास्त होतंय, असं मला वाटलं. पण बायकांचं काहीतरी असतं म्हणून मी बोललो नाही.

तोवर माणसं जमली होती. प्रदक्षिणेवाली मंडळीही खाली येऊन पोचली होती. सगळे फोटो काढू लागले. वरची पहारेकरीण कामावरून सुटून त्याच वाटेनं चालली होती, तीही थांबली. मला वाटलं, आता शिट्टी. पण तिनं निकोसला काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, तशी तिनं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि डोळे पुसत सृष्टीला मिठी मारली. मी सविताला विचारलं, यांच्याकडं टॉवेलची एवढी टंचाई हाय का? तिनं करंडा पुसून पिशवीत टाकला. मग निकोस उठला, एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातात नारळ सांभाळत खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. गाइड पाया पडतो, हे मी कुठंही ऐकलं नव्हतं. त्याच्यामागून सृष्टी वाकली, आणि उठून माझ्या गळ्यातच पडली. म्हणाली, "बाबा, मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल. तो फोटो बघितल्यावर तर मी आशाच सोडली होती."

मी म्हटलं, "न्हाई कशाला म्हनीन? पोरानं दिवसभर एवढं केलं."

ती म्हणाली, "दिवसभर नाही बाबा. दोन वर्षं. इथं मी एकदा खूप आजारी पडले होते, तेव्हा यानंच सगळं केलं. तुम्हाला काळजी नको म्हणून मी सांगितलं नव्हतं."

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सकाळपासून ज्याला गाइड समजत होतो तो गाइड नव्हता, मी ज्या चौकशा केल्या त्या गप्पा नव्हत्या, आणि भर चौकात, देवळासमोर, माणसं जमवून, कुंकू, टोपी, नारळ आणि साखरेसकट मी माझ्या हातांनी पोरीचं लग्न ठरवून बसलो होतो. ते सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा. आबा, मला एवढंच म्हणायचं होतं की हे चुकून झालं, घरी विचारावं लागेल, आमचे आबा आहेत. पण पोरगी माझ्या खांद्यावर रडत होती, आणि समोर तो टोपी पडू नये म्हणून मान ताठ धरून उभा होता. मी तोंड मिटलं. ती इथं आजारी होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता, हे मला फार लागलं. रात्रभर तेच डोक्यात होतं.

तर असा प्रकार आहे. चूक झाली आहे आणि ती माझ्या हातून झाली आहे. सविताला यातलं काही सुचणं शक्य नव्हतं, ती बिचारी नुसता माणुसकीनं मान करायला गेली. तुम्ही रागावाल, त्याला इलाज नाही. वहिनींना नमस्कार, वासरू असल्यास त्यालाही गोंजारावं.

तुमचा,
बजरंग

ता. क. मुख्य काम राहिलंच. सोबत सार्थकचा फोटो परत पाठवतो आहे (कोपऱ्यावर थोडी पांढरी धूळ आहे, ती अडीच हजार वर्षांची असल्यामुळे जात नाही). तो घेऊन तुम्ही स्वतः तळेगावला जावं आणि पाहुण्यांना नकार सांगावा. बजरंग वेंधळा आहे, परदेशात जाऊन चुकून पोरीला कुंकू लावून बसला, असंच सांगा. सगळा दोष माझ्यावर टाका. चारचौघांत टोपी-नारळ दिल्यावर मागं फिरणं आपल्यात नाही. चूक माझी आहे, ती मी निभावणार.

ता. क. आबा, सविताचा नमस्कार. हे खाली पाव आणायला गेलेत, पत्र टेबलावर उघडं हाय म्हणून लिहिते. त्यांना सांगू नका, पण टॉवेल, टोपी आन् नारळ मी इंदुरीतनंच बॅगेत घालून आणलं होतं. सृष्टीनं मला दिवाळीतच सगळं सांगितलं होतं. ह्यांना इचारलं असतं तर ह्यांनी तुमाला इचारलं असतं, तुमी कट्ट्यावर इचारलं असतं, आन् पोरगी हितं रडत बसली असती. हे कुनाचं ऐकत न्हाईत, पन हातनं चूक झाली म्हटलं की जीव गेला तरी निभावत्यात. म्हनून चूक करू दिली. पोरगा लय चांगला हाय आबा. रागवायचं तर माज्यावर रागवा.

ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी पत्र पुन्हा वाचायची मला डेपोपासूनची सवय आहे, हे सविता विसरली. वरचा मजकूर वाचला. म्हणजे चूक झालेलीच नाही, आणि आता निभावायलाही काही उरलेलं नाही. पत्र फाडून टाकता आलं असतं. खिडकीपाशी थोडा वेळ बसलो. खाली रस्त्यात निकोस आला आहे, सृष्टी त्याच्याशी काहीतरी बोलून हसते आहे. आपल्याकडं असताना ती असं हसलेली मला आठवत नाही. मी हे वाचलं, ते सविताला कळवू नये. तळेगावला मात्र माझा वेंधळेपणा सांगू नका, चुकून झालं असंही सांगू नका. पोरीच्या बापानं पोरगा बघितला आणि त्याला पसंत पडला, एवढंच सांगा.